२४ व्होल्टच्या गाडीत ३१.६ व्होल्ट: एका सैनिकी ट्रकच्या रेग्युलेटरचं प्रकरण

मे महिना. नगरजवळच्या खारे कर्जुने फायरिंग रेंजवर एका युनिटचा सराव चालू होता आणि तिथल्याच एका गाडीची तक्रार आमच्याकडे लिहून आली: "बॅटऱ्या खराब. पाणी टिकत नाही. हेडलाइटचे बल्ब वारंवार जातात. रेडिओ सेट मधेच बंद पडतो." मी तेव्हा ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल इलेक्ट्रिशियन होतो. गाडी म्हणजे जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत जुळणी झालेला फोर-बाय-फोर ट्रक, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागच्या बाजूला सिग्नलवाल्यांचा सेट बसवलेला.

तक्रार लिहिणाऱ्याने पहिल्या दोन शब्दांत निदानही उरकून टाकलं होतं. त्याबरहुकूम बॅटऱ्यांची जोडी बदलूनही झाली होती. नवी जोडी उकळायला लागली तेव्हा कुठे गाडी आमच्या दारात आली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बॅटरी ही डोळ्यांना दिसते, हाताला लागते, तिचं पाणी मोजता येतं, म्हणून सगळा दोष आधी तिच्या डोक्यावर जातो. इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर इंजिनाच्या कुशीत तेलकट धुळीखाली बसलेला असतो. त्याच्याकडे बघायला कोण वाकतंय?

बॅटरीची पेटी उघडली तेव्हा आंबूस वाफेचा भपका आला आणि डोळे चुरचुरले. व्हेंट प्लग ओले, क्लॅम्पवर पांढरी-हिरवट बुरशी, खालच्या पत्र्याचा रंग आम्लाने सोलून निघालेला. टॉर्च मारून बघितलं तर वरच्या बॅटरीच्या दोन सेलमध्ये प्लेटच्या कडा पाण्याबाहेर उघड्या पडल्या होत्या. हात ठेवला तर कवच चांगलंच तापलेलं. नव्या बॅटरीची ही अवस्था काही दिवसांत होत असेल तर बॅटरी हा रोगी आहे, रोग नाही, एवढं तिथेच स्पष्ट होतं.

पंख्यावर आळ

तरी एक शंका युनिटच्या एमटीवाल्यांनी, म्हणजे वाहनं सांभाळणाऱ्यांनी, काढली होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. ड्रायव्हरने केबिनमध्ये १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवला होता. गाडी २४ व्होल्टची, म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या. पंख्याची तार त्याने खालच्या, म्हणजे अर्थिंगकडच्या बॅटरीवरून घेतली होती. मालवाहू ट्रकवर टेपरेकॉर्डरसाठी हे सर्रास करतात, आणि बॅटरीचं आयुष्य त्यात निमूटपणे जातं.

कसं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. खालची बॅटरी इंजिनाच्या गरजेबरोबर पंख्यालाही वीज देते, वरची फक्त इंजिनाच्या गरजेला. खालची हळूहळू उतरते, वरची भरलेली राहते. आल्टरनेटरला मात्र दोघींची बेरीजच दिसते. समजा बेरीज २८.२ व्होल्ट आहे. उतरलेली बॅटरी स्वतःवर १३ च्या आसपास व्होल्टेज धरते आणि उरलेले १५ वरच्या, आधीच भरलेल्या बॅटरीच्या माथी बसतात. परिणामी एक उपाशी आणि एक अजीर्णाने हैराण, तेही आल्टरनेटरचं व्होल्टेज २८ च्या आसपास आवरून धरणारा रेग्युलेटर अगदी ठणठणीत असताना.

इथेही वरची बॅटरीच जास्त उकळत होती. हायड्रोमीटरने आम्लाची घनता (ग्रॅव्हिटी) बघितली तर वरचीत १२८५ आणि खालचीत १२४० च्या जवळ. म्हणजे पंख्याचा हात होताच. पण पंखा बेरीज वाढवू शकत नाही. तो फक्त वाटणी बिघडवतो. आणि हेडलाइटचे बल्ब दोन्ही बॅटऱ्यांच्या बेरजेवर चालतात, त्यांना वाटणीशी काही देणंघेणं नाही. बल्ब का जातात, सेट का बंद पडतो, याचं उत्तर पंख्याकडे नव्हतं. म्हणून पहिलं माप बेरजेचं घ्यायचं असं ठरवलं. पंख्याची तार काढून बाजूला ठेवली ती वेगळ्या कारणासाठी.

माप घ्यायच्या आधी सेल भरून घेतले, प्लेटच्या जरा वर येईल एवढंच डिस्टिल्ड वॉटर. काठोकाठ भरलं तर चार्जिंगला बाहेर येतं आणि आम्लही सोबत नेतं. पेटीचं झाकण उघडं ठेवून गाडी बराच वेळ तशीच वाऱ्यावर उभी केली. याचं कारण पुढे येतंच.

मीटर काय म्हणाला

इंजिन गरम झाल्यावर, सावकाश चालीवर, दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून २९.८ व्होल्ट. हेडलाइट आणि सेट चालू करून इंजिन मिनिटाला साधारण १,२०० फेऱ्यांवर नेलं, तर ३१.६. खालच्या बॅटरीवर १५.५, वरच्या बॅटरीवर १६.१. रेस आणखी दिली तसा काटा ३३ कडे निघाला, तिथेच थांबवलं. क्लॅम्प मीटर बॅटरीच्या केबलला लावला तर भरलेल्या बॅटऱ्यांमध्ये १४ अँपिअर जात होते.

हे आकडे किती वाईट आहेत, ते सेलच्या हिशोबाने पाहू. दोन बॅटऱ्यांत मिळून १२ सेल. ३१.६ भागिले १२ म्हणजे सेलमागे २.६३ व्होल्ट. शिसे-आम्लाच्या सेलमध्ये २.४ च्या आसपास पाणी फुटायला सुरुवात होते, आणि सेल तापलेला असेल तर त्याहूनही आधी. बॅटरी पूर्ण भरलेली असली की येणारा जवळजवळ सगळा करंट पाणी फोडण्यात जातो. एका अँपिअर-तासाला सेलमागे सुमारे ०.३४ ग्रॅम पाणी, हा फॅरेडेचा हिशोब. १४ अँपिअर, १२ सेल: तासाला ५५ ग्रॅमच्या वर पाणी उडतंय. सरावातली गाडी सेटसाठी तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभी असते. पाणी टिकणार कुठून?

त्याच हिशोबाची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. तासाभरात सुमारे ७० लिटर हायड्रोजन तयार होतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीला तो पेट घेतो. बंद पेटी, तापलेल्या बॅटऱ्या आणि कुणीतरी पाना घेऊन टर्मिनल ढिलं करायला आला, तर बॅटरी तोंडावर फुटते. अशी बॅटरी फुटलेली मी पाहिली आहे, म्हणून झाकण उघडून वारा लागू देण्याबद्दल मी जरा हट्टी आहे.

बल्बचं कोडंही इथेच सुटतं. दिव्याचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या-तेराव्या घाताने घटतं. २८ ऐवजी ३१.६ म्हणजे जेमतेम तेरा टक्के जास्त, पण बल्बचं आयुष्य जवळपास पाचव्या हिश्श्यावर येतं. रेडिओ सेटचं म्हणाल तर तो शहाणा. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की स्वतःला वाचवायला बंद होतो. अमेरिकी सैन्याच्या वाहनांसाठी मिल-एसटीडी-१२७५ नावाचं मानक आहे, त्याच्या डी आवृत्तीत नेहमीच्या चालीत २५ ते ३० व्होल्ट एवढीच मोकळीक आहे. आमच्या सेटलाही अशीच काही मर्यादा होती. सेट खराब म्हणून सिग्नलवाल्यांनी तोही बदलायला काढला होता. थांबवला.

ड्रायव्हरचं म्हणणं एकच: "उस्ताद, चार्जिंगचा दिवा तर कधीच लागला नाही." खरं होतं. तो दिवा लागत नाही म्हणजे चार्जिंग चांगलं आहे, असं प्रत्येक ड्रायव्हरला वाटतं. दिव्याच्या एका बाजूला बॅटरी असते, दुसऱ्या बाजूला आल्टरनेटरचं डी-प्लस टर्मिनल, म्हणजे रेग्युलेटरला वीज देणारं टोक. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज असेल तर दिवा विझलेला राहतो, मग ते दोन्हीकडे २८ असो वा ३२. चार्जिंग कमी पडलं तर हा दिवा ओरडतो, जास्त झालं तर तोंडातून अक्षर काढत नाही.

आता प्रश्न उरला की जास्त का. रेग्युलेटरवर बोट ठेवणं सोपं होतं, पण जास्त चार्जिंगची कारणं एकाहून जास्त असतात. काही गाड्यांत रेग्युलेटर बॅटरीचं व्होल्टेज वेगळ्या तारेने वाचतो. त्या तारेचा लग कुजला की त्याला खरं व्होल्टेज दिसत नाही, कमीच दिसतं, आणि तो आल्टरनेटरला आणखी रेटतो. तिथे नवा रेग्युलेटर लावूनही काही फरक पडत नाही. आमच्या गाडीत तशी तार नव्हती. हा रेग्युलेटर मशीनच्या पाठीवर ब्रशबॉक्ससकट बसलेला, आणि डी-प्लसवरच व्होल्टेज वाचणारा. म्हणून बी-प्लस (बॅटरीकडे जाणारं टर्मिनल) आणि डी-प्लस दोन्ही मोजले: ३१.६ आणि ३१.५. म्हणजे रेग्युलेटरच्या डोळ्यांसमोर साडेएकतीस व्होल्ट उभे आहेत, फिल्डला (फिरत्या रोटरचं वाइंडिंग, ज्याच्या चुंबकत्वाने वीज तयार होते) प्रवाह देणारे डायोड नीट आहेत, आणि तरी तो फिल्ड तोडत नाही.

मग सुईसारखा टोकदार प्रोब डीएफवर, म्हणजे फिल्डच्या दुसऱ्या ब्रशवर ठेवला (ब्रश म्हणजे फिरत्या रोटरला घासून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे). या जातीच्या मशीनमध्ये फिल्डला प्लस कायमचा मिळतो आणि रेग्युलेटरमधला ट्रान्झिस्टर डीएफ बाजू अर्थला जोडत-तोडत राहतो. या जोडतोडीतूनच २८ व्होल्ट साधले जातात. डीएफ ते अर्थ मीटरने दाखवलं ०.०५ व्होल्ट, आणि रेस कमी-जास्त केली तरी तेवढंच. चांगला ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असला तरी त्याच्यावर एक व्होल्टच्या आसपास पडतंच, कारण या रेग्युलेटरांत ट्रान्झिस्टरची जोडी एकावर एक बसवलेली असते. ०.०५ म्हणजे ट्रान्झिस्टर चालू आहे असं नाही. तो मेलाय आणि मरताना दोन्ही टोकं चिकटवून गेलाय.

किंवा आणखी एक शक्यता: रेग्युलेटर निर्दोष आहे आणि रोटरचं वाइंडिंग किंवा ब्रशची शेपटीच बॉडीला टेकली आहे. मीटरला दोन्ही सारखेच दिसतात. तिथून पुढे गाडीवर बसून कळणार नव्हतं, आल्टरनेटर खाली घ्यावा लागणार होता.

काढणं आणि बसवणं

रेग्युलेटर पाठीमागून स्क्रू काढून निघतो, आल्टरनेटर गाडीवर असतानाही. पण हात घालायला जागा नसते, स्क्रू खाली पडला तर इंजिनाच्या पत्र्यावर शोधत बसावं लागतं, आणि स्लिप रिंग, म्हणजे ब्रश ज्यांवर घासतात त्या रोटरवरच्या कड्या, बघता येत नाहीत. शिवाय रोटर तपासल्याशिवाय नवा रेग्युलेटर लावायचा नाही हे माझं ठरलेलं. इंजिन बंद, मग बॅटरीचा कटऑफ स्विच, मग बॅटरीची अर्थिंग केबल. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं येणार आहे. तारांवर टेप लावून खुणा केल्या, बी-प्लसचा नट काढला, पट्टा सैल केला आणि मशीन बाकावर आणलं.

सोबत नुकताच भरती झालेला एक क्राफ्ट्समन, म्हणजे ईएमईतला शिपाई, होता. त्याने स्क्रू काढून रेग्युलेटर हातात घेतला आणि मागून-पुढून बघून म्हणाला, "उस्ताद, याला तर काहीच झालेलं नाही." बाहेरून खरंच काही दिसत नव्हतं. काळा, राळेत गच्च ओतलेला तुकडा. ना जळल्याचा वास, ना तडा. ब्रश ९ मिलिमीटर शिल्लक, म्हणजे भरपूर; पाचच्या खाली गेले की बदलायचे.

आधी रोटर. एका रिंगपासून दुसऱ्या रिंगपर्यंत ९.२ ओहम. २८ व्होल्टला हा रोटर साधारण ३ अँपिअर घेईल, तेवढं रेग्युलेटरला झेपतं. वाइंडिंगचे काही वेढे आतल्या आत जुळले असते तर ओहम खाली आले असते, करंट चढला असता, आणि नवा रेग्युलेटर महिन्याभरात जुन्याच्या वाटेने गेला असता. रिंगपासून बॉडीला काहीही जोड नाही, मीटर उघडा. म्हणजे रोटर टेकलेला नाही आणि संशयित एकच उरला. रिंगांवर बारीक काळपट थर होता, तो मऊ पॉलिश पेपर गोल फिरवत काढला. कानस किंवा जाड पेपर लावणाऱ्याला मी बाकाजवळ उभा करत नाही; त्याने पडलेले ओरखडे पुढे ब्रश खातात.

रेग्युलेटरची खात्री करायची रीत जुनी आहे आणि तिला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. कमी-जास्त करता येणारा डीसी सप्लाय घ्यायचा, प्लस डी-प्लसला, मायनस रेग्युलेटरच्या बॉडीला, आणि दोन ब्रशच्या मधे २४ व्होल्टचा छोटा बल्ब. बल्ब इथे रोटरची जागा घेतो. सप्लाय २४ वर असताना बल्ब पेटलेला हवा. चढवत चढवत २८ च्या आसपास नेला की तो विझायला हवा. जुन्या रेग्युलेटरवर बल्ब २४ ला पेटला, २८ ला तसाच, ३० ला आणखी पांढरा, ३१ ला मी बटन खाली केलं. पोराने स्वतः पुन्हा एकदा करून बघितलं. "काहीच झालेलं नाही" हे वाक्य त्याने परत म्हटलं नाही.

नवा रेग्युलेटर मिळवणं ही वेगळीच कथा. डेपोतून येईपर्यंत गाडी उभी राहिली असती, म्हणून बाजारातून आणायचं ठरलं. इथे एक सापळा असतो. १२ व्होल्टच्या आणि २४ व्होल्टच्या आल्टरनेटरचे रेग्युलेटर अनेकदा दिसायला जुळे भाऊ असतात. भोकं जुळतात, ब्रश जुळतात. १४ व्होल्टचा चुकून २४ च्या गाडीत बसला तर आल्टरनेटर मुळीच चार्ज करत नाही, कारण बॅटरीचे २४ पाहूनच त्याला वाटतं की व्होल्टेज फार झालं. मग माणूस आल्टरनेटरच बदलायला निघतो. दुसरी गोष्ट, फिल्ड अर्थकडून तोडणारा आणि प्लसकडून तोडणारा अशा दोन जाती आहेत, त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. दुकानदाराने पहिल्यांदा पुढे केलेल्या तुकड्यावर १४ व्ही कोरलेलं होतं. परत दिला. दुसऱ्यावर २८ व्ही होतं, तरी बाकावर आणून त्याच बल्बने तपासला: २८.२ ला बल्ब विझला, २७.९ ला परत पेटला.

बसवताना ब्रश आत दाबून धरायचे, तिरपा न करता सरळ सरकवायचा. ब्रश रिंगच्या कडेवर अडकला आणि वरून स्क्रू आवळला तर तो तुटतो, आणि आवाजही येत नाही. रेग्युलेटरची पाठ आणि आल्टरनेटरचं ॲल्युमिनियम यांच्यामधली जागा पुसून कोरडी केली. तिथूनच त्याला अर्थ मिळतो आणि तिथूनच त्याची उष्णता जाते. तेलाचा थर राहिला तर दोन्ही बिघडतं. बी-प्लसवर एक छोटा कंडेन्सर होता, रेडिओतली खरखर दाबणारा. तो काढलेल्या सामानात विसरून राहण्याची दाट शक्यता असते, कारण त्याच्यावाचून गाडीचं काहीच अडत नाही. अडतं ते सिग्नलवाल्यांचं. इंजिनाच्या चालीबरोबर चढउतार करणारी शिटी त्यांच्या कानात बसते. आठवणीने लावला.

पट्टा ताणला, बॅटरी जोडली, इंजिन चालू केलं. सावकाश चालीवर २७.८. १,२०० फेऱ्यांवर हेडलाइट आणि सेट चालू असताना २८.१. रेस वाढवली तरी २८.२ च्या पुढे गेला नाही. म्हणजे सेलमागे २.३५ व्होल्ट, पाणी फुटण्याच्या रेषेखाली. मीटर एसीवर टाकून तरंग बघितले, ०.२ व्होल्ट, डायोड गेलेला असता तर हा आकडा कितीतरी जास्त आला असता. अर्ध्या तासाने, सगळं तापल्यावर, व्होल्टेज २७.७ वर आलं. हे बिघाडाचं लक्षण नाही. चांगला रेग्युलेटर तापला की व्होल्टेज थोडं उतरवतो, कारण गरम बॅटरीला कमी लागतं आणि थंड बॅटरीला जास्त. लेहमध्ये जे व्होल्टेज बॅटरीला जेमतेम पुरतं, तेच नगरच्या मेमध्ये तिला उकळवतं.

जळाला कशाने

इथे बहुतेक ठिकाणी दुरुस्तीचं कार्ड बंद होतं. "रेग्युलेटर बदलला, गाडी ठीक." माझ्या मते कामाचा महत्त्वाचा अर्धा भाग इथून पुढे आहे. रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर वयाने सहसा मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. रोटरने मारलं नव्हतं, ते ९.२ ओहमने सांगितलं. उष्णता असू शकते, पण मग शेजारच्या त्याच वयाच्या गाड्यांतही रांगेने रेग्युलेटर गेले असते. बॅटरीचे उलटे टर्मिनल जोडले असते तर आधी डायोड उडाले असते, आणि डायोड तर शाबूत होते. राहिला व्होल्टेजचा झटका.

ड्रायव्हर सांगलीकडचा, चांगला, गाडीची निगा ठेवणारा पोरगा. त्याला केबिनमध्ये बसवलं आणि म्हटलं, "इंजिन बंदच आहे. ते चालू आहे असं समज, आणि रात्री मुक्कामाला गाडी बंद करतोस तशी मला करून दाखव." पाय ॲक्सिलरेटरवर एकदा दाबला, रेस मारल्यासारखा. मग हात सरळ बॅटरीच्या कटऑफ स्विचवर. तो फिरवला. त्यानंतर स्टॉपची केबल ओढली. अगदी सराईतपणे, न बघता.

"आधी बॅटरी का तोडलीस?"

"लाइट एकदम जातात ना उस्ताद. ताफा थांबला की लगेच अंधार पाहिजे असतो. एकेक बटन कोण शोधत बसणार? आधीच्या युनिटात सिनियर ड्रायव्हर असंच करायचे."

या उत्तरात सगळं प्रकरण आहे. पेट्रोलच्या गाडीत इग्निशन वीज मागतं. या जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनाला चालायला विजेची गरजच नाही. पंप यांत्रिक आहे, स्टॉप ओढेपर्यंत ते चालतच राहतं. म्हणजे त्या मधल्या काही सेकंदांत इंजिन चालू, आल्टरनेटर फिरतोय, आणि बॅटरी तोडलेली. रेस मारल्यामुळे आल्टरनेटर नेमका जोरात. बॅटरीत जाणारा वीस-पंचवीस अँपिअरचा प्रवाह एकाएकी अडतो. रेग्युलेटर फिल्ड तोडतो, पण रोटरमधलं चुंबकत्व तेवढ्यात मरत नाही; ते उतरायला सेकंदाचा दशांश-दोन दशांश तरी जातो. तोवर वाट अडलेल्या प्रवाहाने व्होल्टेज चढतं. इंग्रजीत याला लोड डंप म्हणतात. वाहनातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू तपासण्याचं आयएसओ १६७५०-२ हे मानक २४ व्होल्टच्या गाडीत, झटका दाबायची सोय नसेल तर, या धक्क्याची उंची १५१ ते २०२ व्होल्ट आणि लांबी ३५० मिलिसेकंदांपर्यंत धरतं. प्रत्येक मुक्कामाला एवढाच मोठा झटका बसेल असं नाही, दिवे चालू असतील तर ते थोडा झेलतात. पण रोज थोडाथोडा बसला तरी ट्रान्झिस्टरला पुरे. मुक्कामालाच जास्तीत जास्त बल्ब उडायचे, हे ड्रायव्हरने मग स्वतःहून सांगितलं. त्याला वाटायचं, दिवा विझताना उडतो म्हणजे बल्ब हलका आहे.

सिनियर ड्रायव्हरांनाही दोष देववत नाही. त्यांचे हात डायनामोच्या गाड्यांवर घडलेले. डायनामोच्या कटआउट बॉक्समध्ये विद्युतचुंबकी रिले आणि धातूचे पॉइंट असायचे, सेमीकंडक्टर नव्हताच जळायला. तिथे बॅटरी आधी तोडली तर फार तर एखादा बल्ब जायचा. गाड्या बदलल्या, हाताची सवय एका पिढीतून दुसरीत तशीच उतरली, आणि कुणी विचारलं नाही.

पुढे काय केलं ते थोडक्यात. युनिटच्या वाहनांचे प्रमुख असलेल्या एमटी जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) साहेबांना मापं दाखवली. त्यांनी सगळ्या गाड्यांच्या कटऑफ स्विचशेजारी पांढऱ्या रंगाने लिहवून घेतलं: "आधी इंजिन बंद, मग हा स्विच." लाइट एकदम घालवण्याची गरज मात्र खरी होती, तिला नुसत्या पाटीने उत्तर मिळत नाही; म्हणून थांबायच्या आधीच लाइटचा मुख्य स्विच बंद करायचा आणि मग गाडी बंद करायची, असा क्रम सरावात घालून दिला. बाकीच्या गाड्यांचं व्होल्टेज मोजलं. एकीत २९.३ सापडले, तिचा रेग्युलेटर अजून पूर्ण गेला नव्हता पण वाटेवर होता. तोही बदलला.

पंख्याला २४ वरून १२ करणारा छोटा कन्व्हर्टर लावून दिला, दोन्ही बॅटऱ्यांच्या बेरजेवर जोडून. प्लेट उघड्या पडलेल्या वरच्या बॅटरीला पाणी भरून, सावकाश चार्ज करून बघितलं, पण दोन सेलचं ग्रॅव्हिटी वर येईना. ती काढून टाकावी लागली. एकीसोबत दुसरीही बदलली, कारण जुनी आणि नवी बॅटरी एका माळेत घातली की पुन्हा तीच वाटणीची भानगड सुरू होते. खालची, जी बरी होती, ती वर्कशॉपच्या बाकावर रेग्युलेटर तपासायच्या कामाला लावली.